अर्धी टाकी

भंगारवाल्याने मोटरसायकलची पेट्रोलची टाकी काट्यावर ठेवली आणि हात झटकले. काटा थरथरत चारच्या किंचित अलीकडे थांबला. ‘सौ दे दूँगा, मॅडम,’ तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आतच त्याने टाकीच्या उघड्या तोंडात बोट घालून बाहेर काढलं. पहिल्या पेरापर्यंत बोट विटकरी झालं होतं. ‘अंदर से पूरा सडा हुआ है.’ मला माहीत होतं. सडवली मीच होती. मी टाकी परत उचलली, स्कूटरवर पाय ठेवतो तिथे उभी केली, ‘राहू दे’ म्हटलं आणि गाडीला स्टार्टर मारला. मागून ‘डेढसौ’ ऐकू आलं. त्याला वाटलं, बाई भावासाठी अडली.

तसं ते खोटंही नव्हतं.

टाकी ज्या गाडीची, ती माझ्या धाकट्या भावाची. निळी यामाहा आर-वन-फाइव्ह, दोन तुकड्यांच्या सीटची, २०१२ च्या जानेवारीत घेतलेली. तेव्हा तो लोहखनिजाच्या खाणीच्या काट्यावर कामाला होता. म्हणजे ट्रक येतो, लोखंडी फलाटावर उभा राहतो, आकडा पडतो, हा चिठ्ठी फाडतो, पुढचा ट्रक. गोव्यातल्या डिचोलीच्या ज्या रस्त्यावर आज तुम्ही शांतपणे गाडी हाकता तिथे त्या काळी ट्रकांची रांग संपायची नाही. आंब्याची पानं लाल, कपडे वाळत घातलेली दोरी लाल, धाकट्याच्या कानामागे बोट फिरवलं तर तेही लाल. तो घरी आला की त्याच्या शर्टाला दोन वास यायचे, पेट्रोलचा आणि खनिजाच्या धुळीचा, आणि आई शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. पहिले आठ महिने हप्ते वेळेवर गेले. सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. एका आठवड्यात रस्ता इतका रिकामा झाला की कुत्री मधोमध झोपायला लागली. आम्हाला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. खोकला कमी झाला. मग कळलं की गावातला प्रत्येक तिसरा हप्ता त्या धुळीतूनच जात होता.

पुढचं गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. बाबांचा जन्म १९५४ चा, म्हणजे नोंद पोर्तुगीजमधली, सुरेख वळणदार अक्षरात. ती नोंद लिस्बनला लागली की मुलाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो हे आमच्या वाड्यावर सगळ्यांना पाठ होतं. गोवा मुक्त झाला त्या १९६१ च्या डिसेंबरात बाबा सात वर्षांचे होते. लष्कराच्या गाड्या बघायला ते आजोबांच्या खांद्यावर बसून गेले होते, आणि ही गोष्ट ते दर १९ डिसेंबरला सांगत. ज्यांना घालवायला माणसं तुरुंगात गेली त्यांच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. धाकटा म्हणाला, ‘मग बाबा, तुम्ही खाण उघडा.’ त्यानंतर त्या दोघांत त्या विषयावर बोलणं झालं नाही. बाबांनी सही मात्र केली, जिथे जिथे लागली तिथे. २०१५ च्या नोव्हेंबरात त्या पासपोर्टवर तो इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. गोदामात रात्रपाळी. गाडी विकायची ठरली होती, पण जायच्या आदल्या रात्री तो अंगणात बराच वेळ तिच्यापाशी उभा होता आणि मीच म्हटलं, ‘राहू दे रे, मी चालू ठेवीन.’

बोलून गेले. मला तेव्हा गिअरची गाडी येतही नव्हती.

आठवड्याने कळलं की गाडीची दुसरी चावी तो बरोबर घेऊन गेलाय. जाकिटाच्या खिशात राहिली म्हणे. मी फोनवर भरपूर ओरडले. चावी हरवली तर नवीन लॉक सेट किती महाग असतो, तुला जबाबदारी म्हणून काही आहे का, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग त्याने फोटो पाठवला. त्याच्या खोलीच्या दाराशेजारी खिळा, खिळ्याला घराच्या चाव्या आणि त्यांच्यात आमची. ‘सांभाळून ठेवलीय’ एवढंच खाली लिहिलं होतं.

मी गाडी शिकले. गोव्यात बाईने स्कूटर चालवणं यात कुणाला काही वाटत नाही, पण चाळिशीला टेकलेली मराठीची शिक्षिका टाकीवर वाकून बसलेली दिसली की लोक दोनदा बघतात. शाळेतली मुलं तर नावं ठेवूनच मोकळी झाली असतील. दर रविवारी सकाळी डिचोलीहून मये, तळ्याला वळसा आणि परत. तेवढंच. बॅटरी मरू नये, टायर एका जागी बसू नयेत, म्हणून. आणि टाकीत पेट्रोल नेहमी थोडंच. हे आईचं. ‘पेट्रोल घरांत कित्याक?’ गाडी पडवीत, पडवीला लागून देवघर, देवघरात समई. तिचं म्हणणं मला पटलं होतं. १२ लिटरची टाकी, मी दोन-दोन लिटर घालायची. पावसाचे चार महिने तर जेमतेम तळ झाकेल एवढंच. मला वाटे, काळजी काळजी म्हणतात ती हीच.

या जूनमध्ये मयेच्या चढावर गाडीने आचके दिले. पहिल्यांदा वाटलं, माझंच क्लच चुकलं. मग ती पुरती बंद पडली आणि मी पावसात रेनकोट घालून ती ढकलत आणली. आमचे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, जुने. धाकट्याला त्यांनी चौथीपासून सायकलीची पंक्चरं काढताना पाहिलाय. त्यांनी टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला आणि काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिला. आत बघितलं. आतून टाकी कशी असते याची मी कधी कल्पनाच केली नव्हती. बाहेर ती चकचकीत निळी, आणि आत खाणीचा पिट असावा तशी, थराथराने सुटलेली, तांबडी. मग त्यांनी तळातलं पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत काढलं आणि बाटली पायरीवर ठेवली. आम्ही चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते, वर पिवळसर पेट्रोल आणि खाली बोटभर गढूळ पाणी.

‘टांकी फुल दवरपाची आशिल्ली, बाय.’

त्यांनी सांगितलं ते असं. टाकी रिकामी असते तेव्हा ती रिकामी नसते, हवेने भरलेली असते. आमच्याकडची पावसाळ्यातली हवा म्हणजे काय ते सांगायला नको, मीठसुद्धा बरणीत पाणी होतं. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, आतल्या हवेतली ओल पत्र्यावर दव धरते आणि ओघळून तळाला जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते खालीच बसून राहतं, वर पेट्रोल असल्यामुळे उडूनही जात नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओल ओढून घेतं, धरता येईल तेवढी धरतं, आणि धरवेनासं झालं की पाण्याला घेऊनच तळाशी उतरतं. टाकी काठोकाठ भरलेली असती तर दव धरायला पत्रा उघडा राहिलाच नसता. शिवाय झाकणाभोवती जी खोबण असते तिला एक बारीक भोक असतं. तिथे साचलेलं पावसाचं पाणी त्या भोकातून नळीने खाली जावं अशी सोय. मेस्तांनी त्यात तार घातली तर टोकाला लाल चिखल आला. भोक कधीचं बुजलेलं. म्हणजे दर रविवारी मी झाकण उघडायचे तेव्हा खोबणीतलं चमचाभर पाणी स्वतःच्या हाताने आत सोडत होते.

मी विचारलं, धुऊन घेता येईल? म्हणाले, गंज नुसता वरचा असता तर ॲसिडने किंवा नट-बोल्ट घालून हलवून काढला असता, पण तळाच्या जोडावर सुईएवढी भोकं पडायला लागलीत. वेल्डिंग? त्यावर ते हसले नाहीत. पेट्रोलची भरलेली टाकी जेवढी घातकी त्याहून रिकामी घातकी, कारण आत वाफ असते, ठिणगी पडायचा अवकाश. टाकी बदलायची. म्हापशाच्या दुकानात निळी मिळेना. तीन आठवड्यांनी काळी आली. मला हो म्हणावंच लागलं, कारण धाकटा चवथीला, म्हणजे गणपतीला, येणार होता, सहा वर्षांनी. मधल्या काळात बाबा गेले, २०२१ च्या मे महिन्यात, तेव्हा त्याने सगळं फोनवर पाहिलं. फोन मीच धरला होता, आणि माझा हात हलत होता म्हणून त्याला नीट दिसलंही नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तो का आला नाही हे मला कळतं. करोनाचे दिवस, विमानं मोजकीच. तरी कळणं वेगळं.

टाकी आली आणि मेस्त म्हणाले, ‘चवथ जातकच हाड.’ त्यांच्या दारात रांग लागलेली, प्रत्येकाला चवथीआधी गाडी हवी. तेव्हा मी म्हटलं, मी बसवते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एक टी-पाना आणि एलन-कीचा जुडगा पिशवीत घालून दिला. ‘अडलें जाल्यार फोन कर.’

रविवार निवडला. पावसाने उसंत घेतली होती, पण अंगणात चिखल, म्हणून पडवीतच. पडवीच्या दुसऱ्या टोकाला आईने माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान मांडायला सुरुवात केली होती. नारळांचा घड, सुपारीचं शिपटं, निरफणस, आणि कुणीतरी आणून दिलेली माट्टुतां ही फळं. मी तिला सांगितलं, आज समई नको, गॅसही नको. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरपटत जाते आणि उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत पोचते. आई म्हणाली, देवाला दिवा नाही म्हणजे काय. मी म्हटलं, संध्याकाळी लाव, सगळी दारं उघडून. ती माट्टुतां पुसत राहिली. वाड्यावर कुणीतरी घुमट, ते मातीचं वाद्य, तापवून बघत होतं, मधूनच एक थाप यायची आणि थांबायची.

फ्युएल-इंजेक्शनच्या गाडीत कॉक बंद केला की झालं असं नसतं. पंप टाकीच्या आत असतो, आणि नळीत पेट्रोल दाबाखाली. म्हणून आधी पंपाचा कनेक्टर काढायचा आणि गाडी चालू करायची. ती नळीतलं उरलंसुरलं पिते, दोन-तीन सेकंद चालते आणि मान टाकते. तसं झालं. मग बॅटरीचं निगेटिव्ह. मग सीट, मग बाजूची प्लास्टिकं. स्क्रू कुठला कुठे हे विसरू नये म्हणून मी आईचा जुना मसाल्याचा डबा घेतला होता, सात वाट्यांचा. डावीकडचे एका वाटीत, उजवीकडचे दुसरीत, सीटखालचे तिसरीत. डबा धुतलेला असूनही टाकीचे बोल्ट हळदीने पिवळे झाले, आणि तसेच परत बसले. कधीतरी दुसरा कुणी ते उघडेल तेव्हा चक्रावेल. नळीच्या क्लिपशी मी वीस मिनिटं झुंजले. दोन्ही बाजूंनी दाबून ओढायची असते हे मला माहीत होतं, पण दहा वर्षांत तिने नळीशी संसार थाटला होता. शेवटी सुटली ती एकदम. दाब काढून टाकलेला असूनही ओंजळभर पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. गार. पेट्रोल हातावर गार लागतं, उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं. आणि वास. मी हात लांब धरून क्षणभर तशीच बसले. वेगळ्या बादलीतला शर्ट.

टाकी उचलली तेव्हा ती इतकी हलकी निघाली की माझा तोल गेला. खाली फ्रेमवर, वायरींच्या जुडग्यावर, एअर फिल्टरच्या डब्यावर लाल धूळ बसलेली होती. पावसाचं पाणी जिथे पोचत नाही अशा एका कोपऱ्यात ती अजून कोरडी होती, पिठासारखी मऊ. बोटाने रेघ मारली तर रेघ उमटली. बाहेर सगळीकडे ती कधीच धुऊन गेलीय. २०१२ नंतर खाणी मधे थोड्या चालू झाल्या, २०१८ ला ८८ लीज रद्द झाल्या आणि पुन्हा बंद पडल्या, पण ही धूळ त्या पहिल्या आठ महिन्यांतलीच असणार असं मी ठरवून टाकलं. पुरावा काही नाही. ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. ठेवायची काय धूळ? बादलीतलं पाणी लाल झालं, आईने ते कुंडीत ओतलं.

जुन्या टाकीतून पंप काढून नव्या टाकीत बसवायचा होता. पंपाच्या टोकाची जाळी गंजाने पार लिंपली होती, ती बदलली. पंपाखाली रबराची रिंग असते, ती नवी घ्यावीच लागते. जुनी फुगते, कुकरच्या रिंगसारखी, आणि परत खाचेत बसत नाही. मेस्त फोनवर, फोन स्पीकरवर, नारळांच्या घडाला टेकवलेला. ‘ल्हव ल्हव घट कर. एक हांगा, एक पलतडी.’ समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर चकती तिरकी बसते आणि पेट्रोल गळतं. पुढे झाकणाची पाळी. नवी टाकी बिनझाकणाची येते. दुकानदार म्हणत होता, पूर्ण लॉक सेटच घ्या, इग्निशन, झाकण, सीट, सगळं नवं, एकच नवी चावी. मी नको म्हटलं. झाकणाच्या कड्यावर जे स्क्रू दिसतात ते सगळे खरे नसतात, काही नुसते शोभेचे. खरे ओळखून काढले, जुनं झाकण खोबणीसह स्वच्छ केलं, नळीत तार फिरवली आणि काळ्या टाकीवर निळ्या टाकीचं झाकण बसवलं. जुनीच चावी फिरली.

म्हणजे दोन्ही फिरणार होत्या.

जुनी टाकी पायरीवर उताणी पडली होती. उचलून ठेवताना प्रथमच तिच्याकडे उजेडात नीट पाहिलं. मागच्या कडेला, जिथे चालवणाऱ्याचं पोट टेकतं तिथे, बारीक चऱ्यांचा एक पट्टा होता. कमरपट्ट्याच्या बक्कलचा. धाकट्याने जवळजवळ चार वर्षं वाकून चालवली त्याचे ते ओरखडे, रंग उडून खालचं करडं दिसेपर्यंत. मी त्याच्या अडीचपट काळ दर रविवारी तिथेच बसले. पण मी कुडता घालते, त्यामुळे टाकीवर माझी एकही खूण नाही. बाहेरून नाही. आत बघितलं तर सगळी माझीच.

तो चवथीच्या तीन दिवस आधी आला. गेल्या खेपेला दाबोळीला उतरला होता, या वेळी मोपा. विमानतळ घराच्या इतका जवळ आला याचं त्यालाच नवल. जाडा झालाय, केस विरळ. जेवला, झोपला, उठला आणि पडवीत गेला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. काळ्या टाकीवर त्याने बोटाच्या सांध्याने टकटक केलं, आणि आवाज बद्द आला, कारण मी काठोकाठ भरून ठेवली होती. ‘फुल?’ ‘फुल.’ त्याने खिशातून चावी काढली. स्वतःची. ती फिरवली, पंपाने आतल्या आत दोन सेकंद गुणगुणून दाब भरला. मग बसण्याआधी तो थबकला आणि त्याने पट्ट्याचं बक्कल सरकवून कमरेच्या बाजूला नेलं.

‘नवी टाकी आहे, ताय. चरे पडतील.’

पाहुणा दुसऱ्याच्या गाडीवर बसताना घेतो तशी काळजी. मी मान हलवली. तो मयेच्या दिशेला गेला आणि आवाज वळणापर्यंत ऐकू आला. आईने आतून विचारलं, ‘गेलो?’ मी म्हटलं, ‘येता आतां.’ आला, अर्ध्या तासात, भिजून. पिकअप बदललाय म्हणाला. जुनी टाकी कोपऱ्यात दिसली तेव्हा म्हणाला, ‘ही कशाला ठेवलीयस? भंगारात दे.’ सहज म्हणाला. खरं तर बरोबरच म्हणाला. भोकं पडलेली टाकी ठेवून करायचं काय.

दहा दिवसांनी तो गेला. विसर्जन, माटोळी उतरवणं, वाटणं, सगळं आटोपलं. गेल्या आठवड्यात मी टाकी स्कूटरवर घालून भंगारवाल्याकडे नेली, त्याने ती काट्यावर ठेवली, बोट घातलं, पुढचं वर सांगितलंच. परत आले. टाकी पडवीत जुन्या जागी, तोंडाला चिंधी कोंबून. स्कूटरची चावी खिळ्याला अडकवायला गेले तेव्हा लक्षात आलं की तिथे गाडीची एकच चावी आहे. चवथीत दोन होत्या, त्याने स्वतःच दुसरी तिथे लावली होती.

या वेळी मी फोन करून ओरडले नाही.